तिन्हीसांजेला दुर्बिणीतून हरीण दिसेनासं होतं? नवीन दुर्बीण घ्यायच्या आधी हे तपासा

आधी लक्षणं सांगतो, यातलं तुमचं कुठलं ते ओळखा.

दुपारी दुर्बिणीतून पानन्‌पान वेगळं दिसतं आणि सूर्य गेला की पंधरा-वीस मिनिटांत सगळं राखाडी होतं. नुसत्या डोळ्यांना झाडीच्या कडेला काहीतरी हललेलं कळतं, दुर्बीण लावली की तिथे फक्त काळा ढीग. हे सगळ्यात कॉमन. दुसरं, चित्र अंधारलेलं नसतं पण त्यावर दुधाळ पडदा आल्यासारखा वाटतो, खास करून पश्चिमेकडे बघताना. तिसरं, कडेने काळी चंद्रकोर येते-जाते, डोकं जरा हललं की अर्धं चित्र गायब. चौथं, दिवसा लागलेला फोकस संध्याकाळी लागतच नाही, चाक फिरवून फिरवून बोट दुखतं. पाचवं, दोन प्रतिमा किंवा दहा मिनिटांत डोकं जड. आणि सहावं, काचेच्या आतून धुकं किंवा जाळं.

ही तक्रार घेऊन आजवर माझ्या हातात इतक्या दुर्बिणी आल्यात की आता ऐकतानाच अंदाज येतो, आणि खरं सांगतो, त्यातल्या बहुतेक दुर्बिणी बिघडलेल्या नव्हत्या. डोळा आणि दुर्बीण यांचं जुळलेलं नव्हतं, नाहीतर काच घाण होती, नाहीतर दुर्बीण मुळात दिवसाच्या उजेडासाठीच बनलेली होती. म्हणून फुकटच्या गोष्टी आधी, पैसे लागणाऱ्या शेवटी, याच क्रमाने जा, मधली पायरी गाळू नका.

डोळ्यांपासून सुरुवात

हरणं पहाटे झुंजूमुंजू असताना आणि कातरवेळेला जास्त हलतात, म्हणजे नेमकं आपल्या डोळ्यांचं काम एका यंत्रणेकडून दुसरीकडे जात असतं तेव्हा. दिवसा रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करतात, अंधारात दंडपेशी, आणि या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला २० ते ३० मिनिटं, कधी त्याहून जास्त लागतात. आता तुम्ही अर्धा तास शांत बसलात आणि मधेच फोन काढून मेसेज बघितला तर तो सगळा अर्धा तास वाया. माझ्या शेजारी बसून "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा निळ्या उजेडात चमकत होता असं एकदा नाही, कितीतरी वेळा झालंय. फोन खिशात, घड्याळाची स्क्रीन बंद, उजेड लागलाच तर अगदी मंद लाल टॉर्च, आणि मग परत तपासा. ही तपासणी पहिली का, तर बाकीच्या सगळ्या तपासण्या तुम्ही याच डोळ्यांनी करणार आहात.

चष्मा असेल तर तो कुठला ते बघा. उन्हात काळा होणारा चष्मा घरात पारदर्शक दिसतो म्हणून कुणाला शंकाच येत नाही, पण तो पूर्ण स्वच्छ व्हायला बरीच मिनिटं घेतो आणि थंडीत तर आणखी रेंगाळतो. एक मित्र दोन महिने दुर्बिणीला दोष देत होता, दर वेळी मावळतीच्या उन्हातून चालत यायचा आणि आल्या आल्या बघायला बसायचा. त्याचा चष्मा काढून मी पांढऱ्या कागदावर धरला, कागदावर चक्क तपकिरी सावली पडली. तो उजेड डोळ्यापर्यंत पोचतच नव्हता. संध्याकाळसाठी साध्या काचेचा चष्मा वापरा, किंवा चष्मा काढून फोकसने नंबर भरून काढा, लांबचा किंवा जवळचा नंबर त्याने जमतो, सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर नाही जमत.

काळी चंद्रकोर येत असेल तर जवळजवळ नेहमी डोळ्याचं अंतर चुकलेलं असतं. डोळ्याकडचे रबरी कप चष्मा नसेल तर बाहेर काढायचे, चष्मा असेल तर पूर्ण आत दाबायचे, लोक बरोबर उलटं करतात. मग मधला सांधा उघड-बंद करून दोन नळ्यांमधलं अंतर आपल्या डोळ्यांएवढं करा, दोन वर्तुळांचं एक स्वच्छ वर्तुळ झालं पाहिजे. दिवसा हे थोडं चुकलं तरी चालून जातं, संध्याकाळी नाही, कारण संध्याकाळी डोळ्याची बाहुली मोठी झालेली असते आणि दुर्बिणीतून येणारी प्रकाशाची चकती तिच्या जरा बाजूला पडली की तेवढा उजेड बाहुलीच्या बाहेर सांडतो. चष्मा लावून बघणाऱ्याला डोळा आणि काच यांत निदान १५-१६ मिलिमीटर जागा मिळाली पाहिजे, हा आकडा दुर्बिणीच्या माहितीपत्रकात 'आय रिलीफ' म्हणून दिलेला असतो. त्याहून कमी असेल तर कितीही खटपट केलीत तरी कडा कापल्याच जाणार.

आता फोकस. अंधार पडायला लागला की पुष्कळ लोकांचा डोळा आपोआप थोडा ऱ्हस्वदृष्टी होतो, कुणाचा अर्धा, कुणाचा जवळजवळ एक नंबर. दिवसा नीट लावून ठेवलेला फोकस संध्याकाळी मऊ वाटतो तो यामुळे, दुर्बीण सैल झाली म्हणून नाही. मधलं चाक परत लावा. आणि उजव्या डोळ्याचं वेगळं ऍडजस्टमेंट, ज्याला डायॉप्टर म्हणतात, ते पिशवीत घासून फिरलेलं असतं हे मी फार वेळा बघितलंय. उजवी समोरची लेन्स हाताने झाका, डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर एखादी लांबची फांदी स्पष्ट करा, मग डावी झाका आणि चाकाला हात न लावता फक्त डायॉप्टर फिरवून उजव्या डोळ्याने तीच फांदी स्पष्ट करा. दोन्ही डोळे उघडेच ठेवायचे, मिचकावलेल्या डोळ्याने हे चुकतं. जमलं की त्या खुणेवर पेनने बारीक टिंब द्या.

अजून एक, हा दुर्बिणीचा दोषच नाहीये पण तक्रार येते म्हणून सांगतो. उजेड कमी झाला की डोळ्याला लाल रंग आधी काळा दिसायला लागतो आणि हिरवट-निळसर त्यामानाने उजळ राहतं. म्हणजे तांबूस अंगाचं हरीण गवतापेक्षा गडद होत जातं आणि त्यामागच्या सावलीत मिसळतं. रंग शोधू नका. उभ्या खोडांमध्ये एखादी आडवी रेघ, म्हणजे पाठ, किंवा कानाची फडफड, हे शोधा, आणि शंका आली तर त्या जागेच्या किंचित बाजूला नजर ठेवा, कारण नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच.

काच पुसा, पण शर्टाने नको

डोळ्याकडच्या काचेवर पापण्यांचा तेलकट थर बसतो. दिवसा तो कळत नाही. संध्याकाळी समोर काळी झाडी आणि वर उजळ आभाळ असलं की तो थर आभाळाचा उजेड सगळ्या चित्रावर पसरवतो आणि दुधाळ पडदा येतो. आधी फुग्याने हवा मारून धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग लेन्स क्लीनरचा एक थेंब कापडावर, काचेवर नाही, आणि मायक्रोफायबरने मधून बाहेर गोल गोल. धूळ न उडवता पुसलंत तर तीच धूळ काचेवर ओरखडे काढते आणि ते कायमचे. पुढची काच लोक आवर्जून पुसतात, मागची विसरतात, खरं तर मागची जास्त घाण होते.

पुसूनही पडदा राहिला तर जागा बदलून बघा. झाडाच्या सावलीत उभं राहा, किंवा समोरच्या लेन्सवर हाताची झडप धरा. फरक पडला तर उजेड कडेने घुसत होता. (मावळता सूर्य कितीही मंद वाटू दे, दुर्बीण त्याच्या जवळपाससुद्धा नेऊ नका, क्षणभरात डोळ्याचं कायमचं नुकसान होतं.)

आणि हात टेकवा. कमी उजेडात डोळ्याला बारकावे गोळा करायला वेळ लागतो, चित्र थरथरत असेल तर तो वेळ मिळतच नाही. काठी, झाडाचं खोड, गुडघ्यावर कोपर, काहीही चालेल. दहा पटीची दुर्बीण नुसत्या हातात धरणारा आणि आठ पटीची काठीवर टेकवणारा, यांत संध्याकाळी दुसऱ्याला जास्त दिसतं हे मी अनेकदा दोघांना दुर्बिणींची अदलाबदल करायला लावून दाखवलंय.

पट्टी घ्या आणि मोजा

इथवर सगळं केलं तरी अंधारच आहे, तर आता दुर्बिणीकडे वळू. तिच्या अंगावर दोन आकडे असतात, ८×४२, १०×२५ असे. पहिला किती पट मोठं दाखवते तो, दुसरा समोरच्या लेन्सचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, जे येतं तेवढ्या व्यासाची प्रकाशाची चकती दुर्बिणीतून बाहेर पडते, तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. १०×२५ ची २.५ मिलिमीटर, ८×३२ ची ४, १०×४२ ची ४.२, ८×४२ ची ५.२५, ७×५० आणि ८×५६ ची साधारण ७.

आता तुमच्या डोळ्याची बाहुली दिवसा २-३ मिलिमीटर असते, म्हणून दुपारी छोटी दुर्बीणही मोठ्या दुर्बिणीइतकीच लख्ख वाटते, दुकानात तर नक्कीच, आणि तिथेच माणूस फसतो. संध्याकाळी बाहुली ५-६, तरुणपणी ७ पर्यंत उघडते आणि १०×२५ मात्र तिला अडीच मिलिमीटरचीच चकती देते, बाकी बाहुली रिकामी. चकतीचं क्षेत्रफळ वर्गाच्या हिशोबाने चालतं, त्यामुळे तेवढ्याच दर्जाची ८×४२ त्या १०×२५ पेक्षा चौपटीहून जास्त उजळ चित्र देऊ शकते. हे कुठल्याही पुसण्याने किंवा फोकसने भरून निघत नाही. कुठलीच दुर्बीण झाडीला नुसत्या डोळ्यापेक्षा उजळ करू शकत नाही, ती फक्त आहे तो उजेड वाया न घालवता चित्र मोठं करून देते. फायदा त्या मोठं होण्यात आहे.

अंगावर छापलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, मोजा. दुर्बीण उजळ आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे करा, सूर्य लांब असू दे, आणि ती डोळ्यापासून हातभर लांब धरून मागच्या काचेकडे बघा. काळ्या गोलात एक पांढरं टिकलीएवढं वर्तुळ तरंगताना दिसेल, तीच चकती. काचेजवळ एक ट्रेसिंग पेपरचा तुकडा मागेपुढे केलात की एका जागी ती कडक कडांची होते, तिथे पट्टी लावा. भलेमोठे आकडे छापलेल्या कितीतरी स्वस्त दुर्बिणींमध्ये हिशोबाने यायला हवी त्याच्या निम्मीसुद्धा चकती येत नाही, कारण आतल्या झडपेने लेन्स बारीक केलेली असते. झूमवाल्या दुर्बिणीचंही तसंच, १०-३०×५० मध्ये तीसवर गेलात की चकती १.७ मिलिमीटर, संध्याकाळी ती उपयोगाची नाही.

चकतीचा आकारही बघा. गोल आणि सगळीकडे सारखी उजळ असेल तर उत्तम. कडा राखाडी होऊन आतला भाग चौकोनी, हिऱ्यासारखा दिसत असेल तर आतले प्रिझम हलक्या काचेचे आहेत, बीके-७ म्हणतात ती, आणि कडेचा उजेड वाया जातोय. बीएके-४ काचेचे प्रिझम साधारण गोल चकती देतात. चकतीच्या बाजूला काळ्या भागात चमकणाऱ्या कोरी दिसल्या तर दुधाळ पडद्याचं कारण तिथेच आहे, ते घरी दुरुस्त होत नाही.

वय झालं की बाहुली कमी उघडते, माणसामाणसांत फरक असतो पण पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची अंधारातही ५ मिलिमीटरच्या आसपास थांबते. अशा डोळ्याने ७×५० लावलीत तर त्या पन्नासातले ३५ मिलिमीटरच कामाला येतात, बाकीचं नुसतं गळ्यात वजन. म्हणून चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला मी ८×५६ ऐवजी ८×४२ सुचवतो, आणि दिवसभर चालायचं असेल तर तरुणालाही तीच.

माहितीपत्रकात 'ट्वायलाइट फॅक्टर' नावाचा आकडा असतो, पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ८×४२ चा १८.३, १०×४२ चा २०.५. बारकावे किती दिसतील याचा तो अंदाज देतो, पण त्याला काचेचा दर्जा कळत नाही. २०×२० अशी दुर्बीण कुणी काढली तर तिचाही २० येईल आणि चकती असेल १ मिलिमीटर. चकती आधी बघा, दोन दुर्बिणींची चकती तुमच्या बाहुलीला पुरत असेल तेव्हाच हा आकडा तुलनेला घ्या.

कोटिंग

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत असे बारा पृष्ठभाग धरले तर जवळजवळ ४० टक्के उजेड वाटेतच संपतो. १९३५ मध्ये झाइस या जर्मन कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर पातळ थर देऊन हे कमी करायची पद्धत शोधली, आणि आजच्या चांगल्या बहुथरी कोटिंगमध्ये हा तोटा पृष्ठभागामागे अर्ध्या टक्क्यापर्यंत येतो. तपासायचं असं, समोरच्या लेन्समध्ये बल्बचं प्रतिबिंब पाडा आणि लेन्स हळूहळू तिरकी करा, एकामागे एक अनेक प्रतिबिंबं दिसतील. सगळी मंद हिरवी-जांभळी असतील तर ठीक. एखादं जरी स्वच्छ पांढरं आणि ठळक दिसलं तर तो पृष्ठभाग कोटिंगशिवाय सोडलाय. आणि लेन्स आरशासारखी लालभडक चमकत असेल तर संध्याकाळसाठी ती बाद समजा, तो लाल उजेड डोळ्याकडे जायच्या ऐवजी बाहेर परत जातोय.

सरळ नळीच्या दुर्बिणीत बहुधा जे प्रिझम असतात त्यांच्या एका बाजूला आरशासारखा थर द्यावा लागतो, तो ऍल्युमिनियमचा असेल तर तिथेही थोडा उजेड जातो, चांदीचा असेल तर कमी, डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी अनेक पातळ पारदर्शक थरांचा असेल तर जवळजवळ नाहीच. जुन्या पद्धतीच्या, खांदे काढलेल्या पोरो दुर्बिणीला या थराची गरजच नसते, म्हणून कमी पैशात संध्याकाळी जास्त दिसायला हवं असेल तर चांगली पोरो अजूनही सरस. वजन आणि पाणी लागण्याची भीती, एवढं मात्र आहे.

ज्या देशांत परवान्याने हरणाची शिकार होते तिथल्या लोकांसाठी: हेच गणित रायफलच्या स्कोपला, म्हणजे तिच्यावर बसवलेल्या नेम धरायच्या दुर्बिणीला लागू आहे. ३-१२×५६ स्कोप १२ वर ठेवलात तर चकती ४.७, आठवर आणलात की ७, म्हणून अंधार पडताना झूम कमी करा. पण शोधाशोध दुर्बिणीनेच करायची, स्कोपने नाही, स्कोप जिथे वळतो तिथे बंदुकीची नळीही वळते आणि झाडीत हलणारं माणूसही असू शकतं. प्राणी नक्की ओळखता येत नसेल तर ती संध्याकाळ संपली.

इथे थांबा, पुढे हात घालू नका

काचेवरचं धुकं बाहेरून असेल तर ते पुसलं जातं, थंडीतून उबदार खोलीत आल्यावर ते येणारच. पुसूनही तसंच असेल तर आत आहे, म्हणजे सील गेलंय आणि आत भरलेला कोरडा नायट्रोजन निघून ओलसर हवा शिरलीय. ती उन्हात ठेवू नका, हीटरजवळ नको, उघडू तर अजिबात नका. सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात ठेवून सरळ दुरुस्तीला द्या.

टॉर्चचा उजेड पुढून टाकून मागून तिरकं बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ती कोटिंग खात जाते, त्यामुळे लवकर दिलीत तर काच वाचते, पावसाळाभर बंद पेटीत ठेवलीत तर बहुतेक नाही वाचत.

दोन प्रतिमांसाठी, लांबच्या छपराच्या आडव्या कडेवर दुर्बीण टेकवून धरा, डोळे पाच सेकंद मिटा आणि उघडा. उघडल्या क्षणी दोन रेघा दिसून मग हळूच एक होत असतील तर दोन नळ्यांची दिशा जुळत नाहीये, डोळे ओढून ती जुळवतायत आणि डोकं त्यानेच दुखतंय. बहुतेक वेळा दुर्बीण पडलेली असते. रबराखाली स्क्रू असतात हे मला माहीत आहे, ते फिरवू नका. ते जुळवायला कोलिमेटर, म्हणजे दोन नळ्यांची दिशा तपासायचं उपकरण लागतं, अंदाजाने अर्धा फेरा फिरवलेली दुर्बीण दुरुस्त करायला कारागिराला दुप्पट वेळ लागतो. स्वस्त दुर्बीण असेल तर दुरुस्तीचा खर्च आधी विचारा, कधी कधी नवीन परवडते.

आणि एक तपासणी दुर्बिणीशिवायची. संध्याकाळी नुसत्या डोळ्यांनी तुम्हाला सोबतच्यांपेक्षा खूपच कमी दिसतं का? दिव्यांभोवती वलयं दिसतात का? एक डोळा झाकला की दुसऱ्याने सगळं पिवळट, मंद दिसतं का? असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुर्बिणीच्या दुकानात नाही. मोतीबिंदू असू शकतो, रातांधळेपणा असू शकतो, रातांधळेपणामागे 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते किंवा डोळ्याच्या पडद्याचा आजार. माझ्याकडे दुर्बीण घेऊन आलेल्या एका काकांना मी हेच सांगून परत पाठवलं होतं, मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं, आणि जुनीच दुर्बीण ते आजही वापरतात.

हे सगळं करूनही नवीनच घ्यायची ठरली तर दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. ओळखीच्यांकडून दोन-तीन मागून घ्या, सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जाऊन बसा, एकच काळोखी जागा ठरवा, एखादं झुडूप किंवा खोडाची ढोली, आणि दर पाच मिनिटांनी प्रत्येकीतून तीच जागा बघा. ढोलीची कड कुठल्या दुर्बिणीत आधी गेली आणि कुठल्या दुर्बिणीत शेवटपर्यंत टिकली, ते घड्याळ बघून (स्क्रीनचं नको, काट्याचं) लिहून ठेवा.